फाइव्ह गार्डनच्या सावलीत : दादर-माटुंगा पूर्वेचे परीक्षण

एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी दादर स्थानकाच्या पूर्वेकडून बाहेर पडून खोदादाद सर्कलपाशी, म्हणजे ट्राम बंद होऊन साठ वर्षे झाली तरी ज्याला सगळे दादर टीटीच म्हणतात त्या चौकात, उभे राहावे. डोक्यावर उड्डाणपूल, पायाखाली तापलेले डांबर आणि चारही दिशांनी कर्कश भोंगे. तिथून पाच-सात मिनिटे चालून हिंदू कॉलनीच्या किंवा पारशी कॉलनीच्या आतल्या गल्लीत शिरले की पहिला फरक डोळ्यांना नव्हे, कातडीला कळतो. ऊन तुकड्यातुकड्यांनी खाली येऊ लागते, आवाज मागे राहतो आणि चालण्याचा वेग आपोआप उतरतो. मी गेली बावीस वर्षे या वस्तीत राहते, आणि घर शोधणाऱ्या किंवा एक दिवस फिरायला येणाऱ्या लोकांनी ‘तिथे नेमके काय आहे’ असे विचारले की मला या दुपारपासूनच सुरुवात करावीशी वाटते.

वस्तीची हद्द आधी सांगते. दक्षिणेला दादर टीटी, उत्तरेला किंग्ज सर्कल, पश्चिमेला मध्य रेल्वेचे रूळ आणि पूर्वेला वडाळ्याकडे उतरणारे रस्ते, एवढ्या पट्ट्याचा हा विचार आहे. त्यातून उभा गेलेला डॉ. आंबेडकर रस्ता वस्तीचे दोन भाग करतो. एका अंगाला हिंदू कॉलनीच्या गल्ल्या आणि रुईया-पोद्दार महाविद्यालये, दुसऱ्या अंगाला पारशी कॉलनी आणि पाच उद्याने, आणि उत्तरेकडे दोन्ही बाजू कवेत घेणारे माटुंगा. आजच्या सरकारी हिशेबात हा भाग मुंबई शहर जिल्ह्यात मोडतो आणि उपनगर जिल्हा शीवच्या पलीकडे सुरू होतो. तरीही ही वस्ती आखली गेली तेव्हा ती शहराबाहेरचे उपनगर म्हणूनच आखली गेली होती, आणि तिचे रस्ते व झाडे समजून घ्यायची तर तिला उपनगर म्हणूनच पाहावे लागते.

१८९६ साली मांडवी भागात प्लेग फुटला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला आणि पुढची काही वर्षे जुन्या मुंबईतल्या दाटीवाटीच्या चाळींनी त्याची फार मोठी किंमत मोजली. त्या धक्क्यातून १८९८ साली कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते जुन्या शहरातून काढून समुद्राची हवा आत आणणे हे तिचे एक काम होते, आणि उत्तरेकडे दादर, माटुंगा, शीव इथल्या मोकळ्या जमिनी संपादन करून मध्यमवर्गासाठी नव्या वसाहती वसवणे हे दुसरे. ट्रस्टच्या लोकांनी खोलीत उजेड किती यावा याचे एक मापही ठरवले होते. जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून आकाशाचा उजेड खोलीपर्यंत पोहोचला पाहिजे, असे ते माप. साध्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा दोन इमारतींच्या मध्ये हवी.

हे माप मी इतक्या आवर्जून सांगते, कारण माझ्या मते या वस्तीचे सगळे रहस्य त्यात आहे. झाडे तर मुंबईत इतरत्रही लावली जातात. पण बहुतेक ठिकाणी ती पदपथाच्या कडेला चिणलेली, एका बाजूने भिंतीने आणि दुसऱ्या बाजूने बसगाड्यांनी छाटलेली दिसतात. इथे रस्ता रुंद, इमारत रस्त्यापासून मागे सरकलेली आणि मुळात तळमजल्यावर दोन-तीन मजल्यांपेक्षा उंच नाही, त्यामुळे झाडाला दोन्ही बाजूंना फांद्या पसरायला जागा मिळाली आणि शंभर वर्षांत दोन्ही पदपथांवरची झाडे रस्त्याच्या मध्यावर येऊन एकमेकांना भेटली. उजेडासाठी मोकळी सोडलेली जागा सावलीने भरून काढली. गिरगावातल्या ज्या चाळीत माझे बालपण गेले तिथे समोरच्या बिऱ्हाडातला कंदील आमच्या भिंतीवर दिसे. त्या घरातून इथे आल्यावर पहिले कित्येक दिवस मी खिडकीशी उभी राहून केवळ अंतर पाहत असे.

पारशी कॉलनीत हे सर्वांत स्वच्छ दिसते. मंचरजी एदलजी जोशी नावाच्या अभियंत्याने ट्रस्टकडे पाठपुरावा करून १०३ भूखंड मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी राखून घेतले आणि १९२० च्या दशकात तिथे घरे उभी राहिली. मुंबईतल्या इतर पारशी बागांभोवती भिंत आणि दरवाजा असतो. ही एकच मोठी पारशी वसाहत अशी आहे की जिला कुंपण नाही. रस्ते सार्वजनिक आहेत, कोणीही त्यावरून चालत जाऊ शकतो, आणि मला या मोकळेपणाचे मोल फार वाटते. जोशींच्या काळात रस्त्यागणिक वेगळी झाडे लावली गेली. फिरदौसी रस्त्यावर महोगनी, जाम-ए-जमशेद रस्त्यावर अशोक. एकाच जातीच्या झाडांची रांग असल्यामुळे त्या त्या रस्त्याला स्वतःचा चेहरा आहे. महोगनीच्या रस्त्यावरचा उजेड हिरवट आणि दाट, अशोकांच्या रस्त्यावरचा उजेड उभ्या पट्ट्यांचा. डोळे बांधून आणले आणि नंतर पट्टी सोडली तरी इथला जुना माणूस रस्त्याचे नाव सांगेल, असे मला खात्रीने वाटते.

भेट देणाऱ्याने थोडे भान मात्र ठेवावे. रुस्तम फरामना अग्यारी १९२९ सालापासून इथे आहे आणि तिथे पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. दारात उभे राहून आत कॅमेरा रोखणे हे अत्यंत अशोभनीय आहे. बाल्कनीत आरामखुर्चीवर बसलेले वृद्ध गृहस्थ हे छायाचित्राचा विषय नाहीत, ते आपल्या घरात बसले आहेत. विचारले तर यांतले अनेकजण अतिशय प्रेमाने बोलतात, अनेकांचे मराठी आपल्यापेक्षा जुन्या वळणाचे असते, आणि आपल्या इमारतीसमोरचे झाड कोणत्या वर्षी कोणत्या वादळात वाकले हे त्यांना ठाऊक असते.

झाडांसाठी यायचे असेल तर ऋतू निवडून यावे. मार्चपासून सोनमोहर फुलू लागतो आणि मे महिन्यापर्यंत त्याच्या पिवळ्या पाकळ्यांचा थर पदपथावर आणि उभ्या मोटारींच्या टपांवर साचत राहतो. झाडू घेऊन येणाऱ्या कर्मचारी बाई तो थर कोपऱ्यात लोटतात आणि त्यांची पाठ वळताच नवा पडतो. एप्रिलच्या उत्तरार्धात ताम्हण जांभळा होतो. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असूनही ते ओळखणारे लोक कमी भेटतात, म्हणून मी पाहुण्यांना मुद्दाम झाडाखाली नेऊन उभे करते. मे महिना गुलमोहराचा. बकुळीची फुले मात्र वर बघून सापडत नाहीत. सकाळी सहाच्या सुमारास चालताना पायाखाली चांदणीएवढी मळकट फुले दिसतात, ती उचलून रुमालात ठेवली तर सुकल्यावरही आठवडाभर वास देतात. आणि उद्यानांच्या कडेचे जुने वर्षावृक्ष. त्यांची पाने संध्याकाळ झाली की मिटतात, ढगाळ हवेतही मिटतात, आणि पाच वाजता ज्या झाडाखाली गर्द सावली होती त्याच झाडाखाली सात वाजता आकाश दिसू लागते. गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईत अनेक वर्षावृक्ष वाळून गेले. ज्यांनी ती झाडे भरात असताना पाहिली आहेत त्यांना आज काही जागी पडलेली भगदाडे चटकन दिसतात.

आता उद्यानांविषयी. मंचरजी जोशींचेच नाव असलेली ही पाच उद्याने एकमेकांना लागून, मधून रस्ते जाऊ देऊन वसलेली आहेत. एकाच मोठ्या मैदानाऐवजी पाच तुकडे असण्याचा लाभ असा की प्रत्येक तुकड्याची वस्ती वेगळी झाली आहे. एकात लहान मुले, दुसऱ्यात चेंडूफळी, एखाद्यात योगासने करणारे ज्येष्ठ नागरिक, एखाद्यात शेजारच्या व्हीजेटीआय आणि रसायन तंत्रज्ञान संस्थेतले विद्यार्थी वह्या उघडून बसलेले. व्हीजेटीआय १८८७ मध्ये स्थापन झाली आणि १९२३ साली माटुंग्यात आली. रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ सालची. म्हणजे इथल्या बागांना सुरुवातीपासून विद्यार्थ्यांची सोबत आहे. सकाळी साडेपाच ते आठ ही सर्वोत्तम वेळ. संध्याकाळी साडेसहानंतर भोवतालच्या रस्त्यांवर दुचाक्या आणि मोटारी दुहेरी लागतात, खाण्याच्या गाड्यांभोवती घोळके जमतात आणि पाच उद्यानांच्या मधल्या रस्त्यांवरून लहान मुलाला घेऊन जाणे कठीण होते. बसण्याची बाके पुरेशी आहेत, पण स्वच्छतागृहाची सोय या वर्दळीच्या मानाने फार अपुरी आहे, आणि स्त्रियांना व वृद्धांना तिचा त्रास सर्वांत अधिक होतो. इतक्या नावाजलेल्या जागी ही उणीव राहणे मला मनापासून खटकते.

हिंदू कॉलनीची झाडी पारशी कॉलनीइतकी शिस्तीची नाही, पण इथल्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने, आणि राहणारा माणूस पत्ता सांगताना इमारतीच्या नावाआधी गल्लीचा क्रमांक सांगतो. १९३० च्या दशकातल्या इमारती लक्ष देऊन पाहण्याजोग्या आहेत. गोलाई दिलेल्या बाल्कन्या, जिन्याच्या उभ्या खिडकीत बसवलेल्या रंगीत काचा, प्रवेशद्वारावर सिमेंटमध्ये कोरलेले इमारतीचे नाव, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र न्हाणीघर व शौचालय. ही शेवटची गोष्ट आज कोणाच्या मनातही येणार नाही, पण चाळीतून आलेल्या कुटुंबांसाठी मध्यमवर्गीय जीवनाची व्याख्याच तिने बदलली. शाळांचे आणि महाविद्यालयांचे इतके दाट जाळे या वस्तीभोवती विणले गेले, त्यालाही हेच कुटुंब कारण आहे. रुईया महाविद्यालय १९३७ चे, पोद्दार १९४१ चे, आणि ज्याला जुनी पिढी अजून किंग जॉर्ज म्हणते ती शाळा आज राजा शिवाजी विद्यासंकुल म्हणून ओळखली जाते.

याच हिंदू कॉलनीत राजगृह आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही वास्तू बांधून घेतली आणि प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव तिला दिले. घर बांधताना त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः ग्रंथ होते. पन्नास हजारांवर पुस्तकांचा त्यांचा संग्रह इथे होता. दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर त्यांचे पार्थिव इथेच आणले गेले आणि ७ डिसेंबर १९५६ रोजी इथूनच अंत्ययात्रा दादरच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. वास्तूच्या खालच्या भागात स्मारक-संग्रहालय आहे. त्यांच्या वापरातल्या वस्तू पाहता येतात. मी बाहेरगावच्या प्रत्येक पाहुण्याला सांगते की या वस्तीत एकच जागा पाहायला वेळ असेल तर ती राजगृह असावी. ६ डिसेंबरच्या आसपासच्या दिवसांत महाराष्ट्रभरातून आलेली माणसे, डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेऊन, या गल्लीत शांतपणे रांगेत उभी असतात. त्या दिवसांत गर्दीची अडचण होते असे म्हणणारे शेजारी मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी कधीच सहमत झाले नाही. ज्या गल्लीत राहण्याचा आपल्याला अभिमान वाटतो, त्या गल्लीला देशाच्या इतिहासात स्थान देणारी ही वास्तू आहे. वर्षातून चार दिवस आपण दार उघडे ठेवून पाण्याचा हंडा बाहेर ठेवावा, एवढे तरी आपल्याकडून घडले पाहिजे.

उत्तरेकडे चालत गेले की पाट्यांवरची लिपी बदलते आणि वासही बदलतो. माटुंग्यातल्या रस्त्यांची नावे भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर अशी एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांची आणि समाजसुधारकांची, आणि त्याच रस्त्यांवर तमिळ, मल्याळी, कन्नड आणि तुळू बोलणाऱ्या कुटुंबांनी बसवलेला संसार. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कारकून, लघुलेखक आणि हिशेबनीस म्हणून मुंबईत आलेल्या दाक्षिणात्य तरुणांना जेवणाची सोय हवी होती, तीतून इथल्या खाणावळी उभ्या राहिल्या. त्यामुळे या ठिकाणांचे परीक्षण करताना मी ‘चमचमीत’ हा निकष लावत नाही. रोज जेवले तरी पोट बिघडणार नाही असे अन्न ही त्यांची मूळ प्रतिज्ञा आहे, आणि तिला ती किती जागतात हेच पाहिले पाहिजे.

या कसोटीवर ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग मी सर्वांत वर ठेवीन. माटुंगा स्थानकाला लागून, मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, १९४२ सालापासून. केळीच्या पानावरचे जेवण घ्यावे, ताटातले नको. कारण पानावर गरम भात पडल्यावर जो वास येतो तो जेवणाचाच भाग आहे. सांबारात गुळाचा किंचित स्पर्श, रसम पातळ पण मिऱ्याने जागे केलेले, भाज्या बेताच्या तेलात. वाढपी थांबत नाहीत, म्हणून पुरे झाले की पानावर हात आडवा धरण्याची सवय ठेवावी. सुटीच्या दिवशी रांग जिन्यावरून खाली येते. कामाच्या दिवशी लवकर गेले तर निवांत जेवता येते. उणे सांगायचे तर, जिना चढू न शकणाऱ्या माणसासाठी ही जागा अवघड आहे.

स्थानकाजवळचेच रामाश्रय १९३९ चे. भल्या पहाटे उघडते आणि पहिल्या गिऱ्हाइकांत रात्रपाळीहून परतणारे, फुलबाजारातले आणि फाइव्ह गार्डनला चालायला निघालेले असे सगळे असतात. शिरा इथे रोज वेगळ्या स्वादाचा असतो. मला मात्र तिथली साधी इडली आणि पातळ, पांढरी चटणी यांच्यासाठीच जावेसे वाटते. किंग्ज सर्कलजवळचे कॅफे मद्रास १९४० पासून आहे. तिथला रसम वडा आणि नाचणीचा डोसा हे दोन पदार्थ चुकवू नयेत. रविवारी सकाळी तिथे तासभर ताटकळावे लागते आणि बसल्यावर मागे उभी असलेली रांग मानेवर जाणवत राहते, म्हणून रविवारची शिफारस मी करणार नाही. मंगळवारी दुपारी तीन वाजता तेच कॅफे मद्रास किती वेगळे असते, हे अनुभवून पाहावे.

याच चौकात १९३२ पासून उभे असलेले कूलर अँड कंपनी हे इराण्याचे दुकान आहे. दाक्षिणात्य उपाहारगृहांच्या गराड्यात ते एकटे आपल्या लाकडी खुर्च्या, ब्रून मस्का आणि गोड चहा घेऊन बसले आहे. उंच छताखाली, दोन्ही बाजूंनी उघड्या दारांतून किंग्ज सर्कलची वर्दळ बघत अर्धा तास बसता येते आणि कोणी उठा म्हणत नाही. मुंबईत अशी जागा फार थोडी उरली आहे.

खाणे झाल्यावर माटुंगा बाजारात एक फेरी मारावी. केळीची पाने मोजून मिळतात, ओल्या नारळाचे ढीग असतात, अबोली आणि मोगऱ्याच्या घट्ट गुंफलेल्या वेण्या हाताच्या मापाने विकल्या जातात, आणि कॉफीच्या दुकानात आपल्यासमोर बिया दळून, चिकोरी किती घालायची ते विचारून, पुडी बांधून देतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने चिकोरीचे प्रमाण दुकानदारालाच ठरवू द्यावे.

ये-जा करण्याची सोय उत्कृष्ट आहे आणि त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. मध्य रेल्वेची दादर आणि माटुंगा, हार्बरची किंग्ज सर्कल आणि वडाळा रोड ही स्थानके चालण्याच्या अंतरावर येतात. पावसाळ्याबद्दल मात्र सावध करते. वस्तीच्या दोन्ही टोकांना पाणी तुंबते. दक्षिणेला हिंदमाता, उत्तरेला किंग्ज सर्कलजवळची गांधी मार्केटची बाजू. आत कॉलनीत कोरडे असले तरी भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर आंबेडकर रस्ता दोन्हीकडून बंद होतो आणि मधले लोक बेटावर अडकल्यासारखे होतात. त्या दिवशी रेल्वेवरही भिस्त ठेवू नये.

इथे राहायला यायचे असेल तर झाडांपलीकडेही पाहावे लागते. जुन्या इमारतींपैकी अनेकींना उद्वाहन नाही, पाण्याचे नळ ठरावीक वेळेला येतात, बाल्कनीच्या लोखंडाला गंज धरलेला असतो आणि पागडीच्या घरांत दुरुस्ती कोणी करायची यावर मालक आणि भाडेकरू यांचे पिढ्यानपिढ्या एकमत होत नाही. मोटार ठेवायला जागा मिळत नाही. कावळ्यांची घरटी असलेल्या झाडाखाली ती ठेवली तर रोज धुवावी लागते. या अडचणी खऱ्या आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईला ‘पुनर्विकास नको’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही. तिला लिफ्ट हवी, गळका छप्पर नको, हे तिचे म्हणणे न्याय्य आहे.

माझे म्हणणे मापाबद्दल आहे. तीन मजल्यांच्या जागी वीस-बावीस मजले आणि तळाशी भूखंडाच्या कडेपर्यंत आलेले वाहनतळ उभे राहिले की साडेत्रेसष्ट अंशांचा तो कोन संपतो. कागदोपत्री झाड राखलेले असते, कारण १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; पण त्याच्या एका अंगाच्या फांद्या छाटलेल्या असतात आणि वाहनतळाच्या पायासाठी एका अंगाची मुळे कापलेली असतात. असे झाड दोन-चार पावसाळ्यांत कलते. आमच्याच गल्लीत पदपथाच्या कामाच्या वेळी एका कंत्राटदाराच्या माणसांनी जुन्या सोनमोहराच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले. मी आणि शेजारच्या काकांनी दोन दिवस विनवण्या केल्या, अर्ज लिहिला, छायाचित्रे दिली. तिसऱ्या वर्षी जुलैमध्ये ते झाड पहाटे चारला मुळासकट आडवे झाले. खाली कोणी नव्हते. उपटलेल्या मुळांचा गोळा पाहिला तर तो जेमतेम न्हाणीघरातल्या बादलीएवढ्या घेराचा होता. पसरायला त्याला माती मिळालीच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या त्या बाजूच्या चारही बिऱ्हाडांनी पहिल्यांदा खिडक्यांना जाड पडदे लावले.

म्हणून इथे घर घ्यायला किंवा भाड्याने राहायला येणाऱ्यांना माझा आग्रह आहे की दलालाने ठरवलेल्या संध्याकाळच्या वेळी घर पाहून निर्णय घेऊ नये. संध्याकाळी ही सगळीच वस्ती सुंदर दिसते. मे महिन्यात दुपारी दोनला यावे, दिवाणखान्याच्या खिडकीशी दहा मिनिटे उभे राहावे आणि समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर नजरेने मोजावे. शेजारचा भूखंड पुनर्विकासाला गेला आहे का आणि नव्या इमारतीचे वाहनतळ कुठपर्यंत येणार, हे सोसायटीच्या सचिवांना स्पष्ट विचारावे. मग खाली उतरून आपल्या खिडकीला सावली देणाऱ्या झाडाचा बुंधा पाहावा. त्याच्याभोवती हातभर उघडी माती असेल, तिच्यात पाणी मुरल्याची खूण असेल आणि खोडावर ढोलीची किंवा वाळवीची रेघ नसेल, तर ते घर घ्यायला हरकत नाही. मातीऐवजी सिमेंट दिसले तर राहायला येण्याआधीच पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे ते फोडून देण्यासाठी लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. आमच्या इमारतीने उरलेल्या दोन झाडांसाठी असा अर्ज केला, चार महिने पाठपुरावा केला, आणि गेल्या फेब्रुवारीत दोन्ही बुंध्यांभोवतीचे सिमेंट निघाले.